गोटा टायर आणि पिवळा दिवा

आमच्या धंद्यात वॉर्निंग कोणी वाचत नाही. एरर आली तर बिल्ड थांबतं, मग नाइलाजाने बघावंच लागतं. वॉर्निंगचं तसं नाही. कंपाइल केलं की तीनशे-चारशे पिवळ्या ओळी भराभर वर सरकतात, शेवटी 'सक्सेस' दिसलं की आपण चहाला मोकळे. टीममध्ये नुकतीच आलेली एखादी मुलगी त्या ओळी मन लावून वाचायला लागली तर आपणच तिला सांगतो, "अगं, त्या नेहमीच्याच आहेत, सोड." मी सतरा वर्षं हेच सांगत आलोय. २०२५च्या जुलैपर्यंत त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता भिवंडी.

माझा मामा भिवंडीचा. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो की पहिली रात्र झोप लागायची नाही, कारण शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असायचे. खटक-खटक, खटक-खटक, रात्रभर. दुसऱ्या रात्रीपासून मात्र तो आवाज थांबला की जाग यायची! पुढे मागांचे दिवस फिरले. मामाने माग भंगारात काढले, शेड पाडली आणि जागा गोदामासाठी भाड्याने दिली. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात हे असं घरोघरी झालंय. आपण मोबाइलवर बोट दाबून मागवलेली निम्मीअधिक खोकी एखादी रात्र भिवंडीत काढून येतात.

तर गोदामाचं भाडं नियमित यायला लागल्यावर माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, एक स्पोर्ट्‌स कार घेतली. हसू नका. मीही हसलो होतो. ज्या गावात कल्याण नाक्यावरून धामणकर नाक्यापर्यंत जायला चालत गेलेलं बरं, तिथे स्पोर्ट्‌स कार! जर्मन बनावटीची, दोन दारांची, लाल, सेकंडहँड. मेक सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. दिवसभर ती गोदामाच्या एका कोपऱ्यात कव्हर घालून झोपलेली असायची आणि रात्री अकरानंतर, कंटेनरची रांग जरा विरळ झाली की, दादा तिला ठाण्यापर्यंत फिरवून आणायचा. चाळीस वर्षांच्या माणसाचं हे सुख बघून वहिनीसुद्धा काही बोलायची नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत पुढचे दोन टायर बदलायची वेळ आली. एक खड्ड्यात आपटून फुगला होता, म्हणून जोडीने दोन्ही बदलले. मागचे तेवढे राहिले, कारण ते जास्त रुंद, महाग आणि ऑर्डर देऊन मागवावे लागणारे. "मागचे अजून वर्षभर जातील," असं गॅरेजवाल्याने सांगितलं. (गॅरेज कुठलं ते सोडा, तो प्रश्न नाही.) पुढच्या टायरचा नेमका साइझही त्याच्याकडे नव्हता. २२५/४० आर १८ हवा होता, त्याने २२५/४५ आर १८ बसवला. "इतनाही फरक है, चलता है."

आणि दिवा लागायला लागला.

तुम्ही तो पाहिला असेल. पिवळा, गाडीचं छोटं चित्र आणि तिच्यामागे नागमोडी दोन रेघा. स्टॅबिलिटी कंट्रोलचा दिवा. दादाने आधी गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने स्कॅनर लावला, कोड पुसला, पाचशे रुपये घेतले. वीस किलोमीटरवर दिवा परत हजर. पुन्हा स्कॅनर, पुन्हा पाचशे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला सेन्सर बदलावा लागेल, पार्ट बाहेरून येईल. तेव्हा दादाने मला फोन केला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघ की जरा."

एका रात्री मी त्याच्या शेजारी बसलो. माणकोली सोडून ठाण्याच्या दिशेने, रस्ता सरळ, कोरडा. ऐंशीच्या आसपास गेलो की दिवा फडफडायचा आणि गाडीची ओढ एकदम कमी व्हायची, मागून कोणीतरी शर्ट धरल्यासारखी. वळण नाही, पाणी नाही, ब्रेक नाही. मी अनुभवी इंजिनिअरच्या थाटात निदान केलं : फॉल्स पॉझिटिव्ह! सरळ रस्त्यावर घसरण्याची सूचना म्हणजे सॉफ्टवेअरचा घोळ, दुसरं काय? गिअरच्या बाजूला ते बंद करायचं बटण असतं. ते मीच दाखवलं. काही सेकंद दाबून धरायचं, की सगळं शांत. गाडी मोकळी पळायला लागली. दादा खूश. मला त्याने त्या रात्री तीन बत्ती नाक्यावर खास मसाला दूध पाजलं.

जुलैत आम्ही इगतपुरीला निघालो. दादा, मी आणि मागच्या चिंचोळ्या सीटवर त्याची नऊ वर्षांची मुलगी. समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटरचा, ५ जून २०२५ला सुरू झाला होता. आमणे भिवंडी तालुक्यातच. म्हणजे ७०१ किलोमीटरचा रस्ता नागपूरहून निघून जवळजवळ मामाच्या अंगणात येऊन संपतो, आणि दादाने महिनाभर त्यावर गाडी घातली नव्हती, हेच नवल. निघताना त्याने सवयीने बटण दाबलं. ते बटण गाडी बंद केली की आपोआप पूर्ववत होतं, त्यामुळे दर वेळी नव्याने दाबावं लागतं. याचा विचार तेव्हा मी केला नाही. ज्याने ती गाडी बनवली त्याला ते बटण कायमचं बंद राहू द्यायचं नव्हतं, ते उगाच नव्हे.

कसाऱ्याचा डोंगर आता बोगद्यातून पार करता येतो, जवळजवळ आठ किलोमीटरचा. आत लख्ख उजेड आणि रस्ता कोरडा ठणठणीत. बाहेर पडलो आणि इगतपुरीचा पाऊस अंगावर आला. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना वर्णन नको. दादा शंभरच्या आतच होता, हे मी शपथेवर सांगतो. रस्त्यावर पाण्याचा एक पट्टा आडवा वाहत होता. पुढची चाकं त्यातून व्यवस्थित गेली. मागची गेली नाहीत.

पुढचं सगळं तीन-चार सेकंदांत झालं. गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला, दादाने स्टिअरिंग उलट फिरवलं, मग तो डावीकडे आला आणि मग आम्ही ज्या बोगद्यातून बाहेर पडलो होतो तोच मला समोरच्या काचेतून दिसला. म्हणजे गाडी पूर्ण उलटी फिरली होती. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. मागून येणारा, म्हणजे आता समोरून येणारा, एक कंटेनर हॉर्न वाजवत बाजूच्या लेनमधून निघून गेला. त्याची लेन दुसरी होती म्हणून मी हे लिहितोय. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून आवाज आला, "काका, आपण परत घरी चाललोय का?"

टो करून गाडी भिवंडीत आणली आणि अंजूरफाट्याला ट्रकच्या टायरांचं काम करणाऱ्या एका चाचांकडे नेली. त्या रस्त्याला अशी दुकानं ओळीने आहेत. चाचांनी मागचं चाक काढलं, उभं केलं आणि मला म्हणाले, "साहब, अंदर की तरफ हाथ फिराओ. सँभालके." बाहेरून बघताना त्या टायरवर नक्षी होती, फार नाही पण होती. आतल्या कडेला मात्र पूर्ण गोटा, आणि एका ठिकाणी पोलादी तारा बोटाला टोचल्या. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर! चाचा एवढंच म्हणाले, "नया आगे डाला, गोटा पीछे रखा. उल्टा काम किया किसीने."

हे 'उलटं काम' बहुतेक सगळेच करतात, म्हणून थोडं सविस्तर. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे टाकावेत, असं टायर कंपन्या वर्षानुवर्षं सांगतायत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते, ते निदान कळतं आणि पाय उचलला की बऱ्याचदा सावरतं. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि तुमच्या-माझ्यासारख्याला ती सावरता येत नाही. साध्या गाडीत पुढचे-मागचे अदलाबदल करून हे जमवता येतं. अनेक स्पोर्ट्‌स कारमध्ये मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, तिथे ती सोय नाही. दादाची गाडी त्यातलीच. म्हणजे मागचे झिजले की मागचेच घ्यावे लागतात, आणि तेच महाग असतात, आणि म्हणून तेच पुढे ढकलले जातात.

आतली कड का झिजते? अशा गाड्यांची चाकं मुद्दाम वरच्या बाजूला किंचित आत कललेली ठेवतात, वळणावर पकड चांगली मिळावी म्हणून. त्यामुळे सरळ चालताना आतल्या कडेवर भार जास्त. त्यात माजिवडा ते वडपे रस्त्याच्या रुंदीकरणाची जी काही वर्षं आपण सगळ्यांनी भोगली, त्यातले खड्डे मिळवा. अलाइनमेंट बिघडली की चाक रस्त्यावर नुसतं फिरत नाही, थोडं खरवडतही जातं. आणि ही आतली कड उभ्याने दिसत नाही. पुढचं चाक निदान स्टिअरिंग फिरवून बघता येतं. मागच्यासाठी गुडघे टेकावे लागतात किंवा गाडी उचलावी लागते. दादा दर रविवारी ती गाडी स्वतः धुवायचा, टायरला काळं पॉलिशसुद्धा करायचा. बाहेरून.

पण मला खरी बोच वेगळीच होती. तो दिवा. तो सरळ रस्त्यावर का लागत होता? पुढच्या शनिवारी वही घेऊन बसलो.

२२५/४० आर १८ म्हणजे रुंदी २२५ मि.मी., टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ४० टक्के म्हणजे ९० मि.मी., आणि रिम १८ इंची म्हणजे ४५७ मि.मी. वर-खाली धरून चाकाचा व्यास ६३७. गॅरेजवाल्याने ४०च्या जागी ४५ बसवला, व्यास झाला ६६०. मागचे मूळ २५५/३५ आर १८, व्यास ६३६. नवेपणी नक्षी साधारण आठ मि.मी. खोल असते, यांची बहुतेक भागात दोन उरली होती. म्हणजे व्यासातून बारा गेले, राहिले ६२४. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय की चारही चाकं जवळजवळ सारखी आहेत. प्रत्यक्षात मागची साडेपाच टक्क्यांनी लहान. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं. म्हणजे पुढची चाकं सांगतायत गाडी ऐंशीने चाललीय आणि मागची सांगतायत साडेचौऱ्याऐंशीने. ज्या चाकांना इंजिनची ओढ आहे ती जास्त जोरात फिरतायत, याचा कॉम्प्युटरला एकच अर्थ माहीत आहे : चाकं जागच्या जागी घसरतायत. त्याने ओढ कमी केली आणि दिवा लावला. त्याच्या हातात होती तेवढ्या माहितीवर त्याने अगदी बरोबर केलं. घोळ सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच. इनपुट खरं होतं, आणि ते ओरडून सांगत होतं की पुढचे टायर मोठे आहेत आणि मागचे संपलेत. मी ते 'नेहमीच्या ओळी' समजून बंद करायला सांगितलं. सतरा वर्षांची सवय!

या यंत्रणेचा जन्मही एका गरगर फिरलेल्या गाडीतूनच झालाय, हे मला नंतर कळलं. १९८९ साली फ्रँक वेर्नर-मोन हा मर्सिडीजचा तरुण इंजिनिअर स्वीडनमध्ये बर्फावर चाचणी घेताना गाडीसकट खड्ड्यात गेला. टोची वाट बघत बसला असताना त्याला वाटलं, ब्रेकची यंत्रणा प्रत्येक चाकाला वेगळी आवरू शकते, तर गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे मोजून ती सरळ का करू नये? पहिल्या प्रयोगासाठी त्यांनी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा जायरोस्कोप वापरला होता म्हणे! तिकडे बॉशमध्ये अँटन व्हॅन झांटेन यांचा गट याच प्रश्नामागे होताच. १९९५ला ही गोष्ट मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आली. १९९७च्या ऑक्टोबरमध्ये एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास झटक्याने लेन बदलताना उलटली, आणि त्या नामुष्कीनंतर कंपनीने ती सरसकट सगळ्या ए-क्लासमध्ये बसवली. स्पोर्ट्‌स कारचं उदाहरण ऑडी टीटीचं. १९९८ला आली, दिसायला देखणी, आणि जर्मनीत वेगात असताना मागून सुटून जीवघेणे अपघात झाल्यावर पुढच्याच वर्षी गाड्या परत बोलावून कंपनीला मागे स्पॉयलर आणि आत ही यंत्रणा बसवून द्यावी लागली. आपल्याकडे २०२३च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर ती लागतेच. त्यामुळे आता आपल्या साध्यासुध्या गाड्यांतही तो पिवळा दिवा आला आहे. म्हणून हा विषय लाल गाडीवाल्या दादापुरता नाही.

आता माझं मत, ज्यावर आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन वेळा भांडण झालंय.

ही यंत्रणा झिजलेले टायर लपवते. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिने जीव वाचवलेत. पण पूर्वी टायर गोटा झाला की गाडी पावसात ठिकठिकाणी सटकायची, छातीत धस्स व्हायचं, आणि माणूस मुकाट टायरवाल्याकडे जायचा. आता ते धस्स होतच नाही. कॉम्प्युटर एका चाकाला हळूच ब्रेक लावतो, अर्धा सेकंद दिवा लुकलुकतो, गाणं चालूच राहतं. तुम्हाला वाटतं गाडी मस्त पकड घेऊन चाललीय. प्रत्यक्षात चार तळहातांएवढ्या जागेवर ती रस्त्याला टेकलेली आहे, आणि त्या जागेची पकड दर महिन्याला थोडी कमी होतेय. कॉम्प्युटर असलेली पकड नीट वाटून देतो, नसलेली निर्माण करू शकत नाही. पाण्यावर चाक तरंगायला लागलं की कुठल्याही चाकाला ब्रेक लावला काय आणि न लावला काय. म्हणजे त्या दिवशी बटण दाबलं नसतं तर आम्ही फिरलो नसतो असंही मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण बटण दाबलं नसतं तर फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत तो दिवा आम्हाला छळत राहिला असता आणि कधीतरी वैतागून आम्ही चाचांकडे गेलो असतो.

दादाचा युक्तिवाद असा होता की रेसिंगच्या गाड्यांना कुठे नक्षी असते? बरोबर आहे, आणि इथेच गफलत होते. कोरड्या रस्त्यावर नक्षी नसलेला टायर खरंच चांगला धरतो, कारण जास्त रबर टेकतं. म्हणून ऑक्टोबर ते मे गोटा टायरची काही तक्रार नसते. पण रेसमध्ये पाऊस आला की सगळे पिटमध्ये येऊन नक्षीचे टायर लावतात. आपल्याकडे तेच टायर मे महिन्यातून जूनमध्ये जातात. नक्षीचं काम पाणी बाजूला काढायचं. ती गेली आणि पाणी पुरेसं खोल असलं की टायर किती वेगाला तरंगेल याचा एक ढोबळ हिशोब नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवरून काढला होता, तो हवेच्या दाबावर चालतो. गाडीत भरतो त्या बत्तीस पौंडाला तो ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. समृद्धीवर गाड्यांना मुभा १२०ची आहे. दादा शंभरच्या आत होता, हे मी वर शपथेवर सांगितलं ते स्वतःचं समाधान व्हावं म्हणून. हिशोबात त्याने काही फरक पडत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांवरही माझा राग आहे, आणि तो व्यावसायिक आहे. तोच दिवा लुकलुकला तर अर्थ 'मी काम करतोय', लागून राहिला तर 'मी बिघडलोय', आणि बाजूला 'ऑफ' दिसलं तर 'तुम्ही मला बंद केलंय'. एका चित्राचे तीन अर्थ! आमच्याकडे कोणी असा इंटरफेस आणला तर रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. बरं, कॉम्प्युटरला माहिती नाही असंही नाही. मागची दोन्ही चाकं महिनोन्महिने सरळ रस्त्यावर जास्त फेरे घेतायत, त्याच वळणावर पूर्वीपेक्षा जास्त वेळा हस्तक्षेप करावा लागतोय, हे सगळं त्याला दिसतं. 'मागचे टायर एकदा बघून घ्या' एवढं एक वाक्य दाखवायला काय जातं? त्याऐवजी एक कोड, जो वाचायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनरवर सर्वांत मोठं बटण 'क्लिअर'. मग गॅरेजवाला तेच दाबतो. मी त्याच्यावर फार चिडू शकत नाही, मीही वेगळं काय केलं?

आणि आपण. आपल्याकडे टायरवर खापर फुटतं ते अपघात झाल्यावर. १ जुलै २०२३ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं आणि दिवसभर सगळीकडे तेच चाललं. आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याची खूण सापडली नव्हती. सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटतात, हे तर आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. रस्ता तापतो, खरं आहे. पण टायर आतून तापतो तो मुख्यतः हवा कमी असल्यामुळे. प्रत्येक फेऱ्याला त्याची भिंत चेपते आणि सुटते, चेपते आणि सुटते, तासन् तास, न थांबता. जुनं, कडक झालेलं रबर आणि कमी हवा असली की नागपूर-शिर्डी हे अंतर त्याला परीक्षाच. त्याच २०२३ साली परिवहन खात्याने समृद्धीच्या प्रवेशावर टायर तपासून गोटा टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा किती ओरड झाली होती! मीही "आता टायर पण बघणार का हे?" असं म्हणालो होतो. आज म्हणतो, बघाच. फक्त आतल्या कडेलाही टॉर्च मारा.

कायदा आहेच. चारचाकीला नक्षी किमान १.६ मि.मी. हवी. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला, त्यासाठी कुठलं यंत्रही लागत नाही. पण हे बघणार कोण? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर तिच्या टायरकडे कोणीही अधिकृतपणे बघत नाही. इंग्लंडमध्ये तीन वर्षांनंतर गाडी दरवर्षी तपासायला न्यावी लागते आणि तिथे हाच १.६चा नियम लावून नापास करतात. आपण दरवर्षी पीयूसीला मात्र जातो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या टपरीत तो पोरगा धूर मोजतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, कागद देतो. त्याच्या हातात नक्षीची खोली मोजायची पट्टी द्या. ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत मिळते, चार चाकं मोजायला दोन मिनिटं लागतात. चार आकडे त्याच कागदावर छापा. नापास वगैरे करू नका हवं तर, नुसते छापा. आतल्या कडेचा आकडा वेगळा छापला तर निम्म्या लोकांना पहिल्यांदाच कळेल की टायरला आतली कड असते :)

यावर कँटीनमधला आक्षेप असा की तो पोरगा आकडे मनानेच लिहील, जसा काही ठिकाणी धुराचा आकडा गाडी न बघता येतो. असेल. याला माझ्याकडे उत्तर नाही.

दादाच्या गाडीला चारही टायर नवे बसले, मूळ साइझचे. मागच्या दोघांना तीन आठवडे थांबावं लागलं आणि बिल ऐकून मामा म्हणाला की यात त्याच्या काळी एक सेकंडहँड माग आला असता. चाचांनी जुने मागचे दोन परत दिले. दादाने ते गोदामाच्या धक्क्याला साखळीने टांगलेत, ट्रक मागे घेताना आपटू नये म्हणून. मी दिवाळीत गेलो तेव्हा पुतणी मला हात धरून ते दाखवायला घेऊन गेली. तारा बाहेर आलेली बाजू तिने बरोब्बर शोधून काढली होती. मग आम्ही माझ्या गाडीपाशी आलो. माझी साधी हॅचबॅक, पाच वर्षांची. तिने वाकून मागच्या चाकाच्या आत हात घातला आणि म्हणाली, "काका, तुझी पण आत गुळगुळीत लागतेय."